1516 चा लॅटिन ग्रंथ, आत कुणीतरी शाई फासलेली. घ्यावा का?

सांगलीकर_राइनकाठी

नमस्कार मंडळी. इथे पोथ्या-पुराणातली जाणकार माणसं आहेत म्हणून विचारतो. ग्रंथ मराठी नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी सांगलीचा, गेली सात वर्षं स्वित्झर्लंडात बाझलला. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी करतो. लॅटिन शून्य, जर्मन भाजी आणण्यापुरतं.

जुन्या गावात चढावरच्या एका गल्लीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. पावसात आडोसा म्हणून शिरलो आणि अडकलो. मालकाने आतून एक खंड आणून टेबलावर ठेवला. पाट्यासारखा जड. वर पिवळट पडलेल्या चर्मपत्राचं मऊ वेष्टण, पुठ्ठा नाही. बांधायच्या बंदांपैकी एकाचा शेंडा उरलाय, बाकीचे तुटलेत. कण्यावर हाताने काहीतरी लिहिलेलं, पुसट. मालक म्हणाला, संत जेरोमचे समग्र ग्रंथ, नऊ खंडांपैकी हा दुसरा. छापला इथेच, योहान फ्रोबेनच्या छापखान्यात, 1516 मध्ये. संपादक इरॅस्मस, त्या काळचा नामांकित डच पंडित.

कागद बघून मात्र वेडा झालो. पाचशे वर्षांचा कागद आणि उलटताना नव्या कोऱ्या चादरीसारखा खडखड वाजतो. आमच्या घरची 1970 ची पुस्तकं पापडासारखी मोडतात.

आता दुखणं. आत ठिकठिकाणी काळी-तपकिरी शाई फासलीय. डाग नाहीत, मुद्दाम केलेलं काम आहे. मुखपृष्ठावर, म्हणजे आतल्या नावाच्या पानावर, एक अख्खी ओळ गडप. आत लेखांच्या सुरुवातीला जो बारीक मजकूर आहे, त्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. मी मोजली, चौदा पानं. एके ठिकाणी तर शाईने कागद खाल्लाय. नखाएवढी खिडकी पडलीय आणि तिच्यातून मागच्या पानावरचा मोठा क्यू डोकावतो. मुखपृष्ठाच्या खाली कुणाच्या तरी हस्ताक्षरात स्पॅनिशसारखं वाटणारं दीड ओळीचं काहीतरी. मला लागलं ते एवढंच: 'कोन्फोर्मे आल एक्सपुर्गातोरियो' आणि पुढे 1640.

या शाईमुळे मालक निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. निम्मी म्हणजे माझं दोन महिन्यांचं घरभाडं. बायकोचं म्हणणं, न वाचता येणारं पुस्तक घ्यायचंच तर निदान स्वच्छ तरी घे.

तर, हे खरोखर 1516 चं कशावरून? हा उद्योग कुणी केला? आणि मुख्य म्हणजे ती शाई काढता येईल का? इथे प्रयोगशाळेत विद्रावकांची काही कमी नाही. पण हात थरथरतो, कारण आजोबांचा शिळाप्रेसचा पांडवप्रताप मी कॉलेजात असताना ओल्या फडक्याने 'साफ' केला होता. तीन अध्यायांचा लगदा झाला. आजोबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी पोथीची जागा तेवढी बदलली.

---

अडगळीतला_माणूस

दोन महिन्यांचं भाडं? त्यात सांगलीला आख्खं ग्रंथालय रंगवून होईल.

असो. बाझल 1529 मध्ये प्रोटेस्टंट झालं, चर्चमधल्या मूर्तीबिर्ती फोडल्या, हे शाळेत वाचल्याचं आठवतं. संतांचं पुस्तक म्हटल्यावर त्यांनीच शाई ओतली असणार. 1640 वगैरे नंतर कुणीतरी हिशेब लिहिला असेल.

---

पापडीचा_मास्तर

अडगळराव, बरोब्बर उलटं. शाई कॅथलिकांनी फासली. म्हणजे आमच्याच लोकांनी.

मी वसईचा. चार वर्षं सेमिनरीत काढली, फादर झालो नाही, मास्तर झालो. लहानपणी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची, तेव्हापासून ती भाषा कानात आहे. जेरोमचा सण 30 सप्टेंबरला. आता तो दिवस जगभर भाषांतर दिन म्हणून पाळतात, कारण बायबलचं लॅटिन भाषांतर, ज्याला वल्गेट म्हणतात, ते मुख्यतः त्याचं. काशीमिऱ्याचं चर्च त्याच्याच नावाचं आहे.

सांगलीकर, तुमच्या हाताला काय लागलंय ते सांगतो. जेरोमचे समग्र ग्रंथ छापायचं डोक्यात घेतलं ते फ्रोबेनच्या आधीच्या योहान आमरबाखने. त्याने संत ऑगस्टिनचे ग्रंथ अकरा खंडांत 1506 मध्ये काढले होते. जेरोम जास्त अवघड, कारण तो मध्येच ग्रीक, मध्येच हिब्रू घालतो आणि नकलून काढणाऱ्यांनी त्या जागी वाट्टेल ते खरडलेलं. आमरबाखने काय करावं? ब्रूनो, बासिलियस आणि बोनिफासियस या आपल्या तिन्ही पोरांना लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवलं, म्हणजे काम घरातच होईल. म्हातारा 1513 च्या नाताळात गेला, एकही खंड न बघता. 1514 च्या ऑगस्टमध्ये इरॅस्मस बाझलला पोचला आणि पहिले चार खंड त्याने आपल्या अंगावर घेतले. बाकीचे आमरबाखच्या पोरांनी आणि इतर पंडितांनी. जेरोम निघाला त्याच वर्षी, 1516 मध्ये, त्याच छापखान्यात इरॅस्मसचा ग्रीक नवा करारही छापून निघाला. त्या माणसाला झोप कधी लागायची कोण जाणे. कँटरबरीच्या आर्चबिशप वॉरमला जी अर्पणपत्रिका आहे तिच्यात तो म्हणतो, जेरोमला हे लिहायला जेवढे कष्ट पडले नसतील तेवढे मला ते दुरुस्त करायला पडले.

आता तुमचा दुसरा खंड. हसू नका, पण त्यात जेरोम जवळजवळ नाहीच! जेरोमच्या नावावर खपलेलं, पण त्याचं नसलेलं साहित्य इरॅस्मसने वेचून या एका खंडात कोंडलं. लेखांच्या आधी छोटे शेरे मारले: ही भाषा त्याची नाही, हा प्रसंग त्याच्या काळातला नाही, हे कुण्या भिकार नक्कल करणाऱ्याचं पोट भरायचं काम आहे. फटकळ माणूस होता. पेलागियस हा जेरोमचा हाडवैरी, आणि त्यानेच देमेत्रियास नावाच्या मुलीला लिहिलेलं पत्र शतकानुशतकं जेरोमचं म्हणून भक्तिभावाने वाचलं जात होतं. आहे की नाही गंमत?

तर शाई कशावर फासली असेल? त्या शेऱ्यांवर आणि 'इरॅस्मस' या नावावर. माझी पैज.

पोप चौथ्या पॉलने 1559 मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, तीत इरॅस्मसचं सगळं लिखाण बंद. त्याच्या टीपा, शेरे, पत्रं, भाषांतरं, धर्माविरुद्ध काही असो वा नसो. 1564 ची यादी जरा मऊ आली: थोडी पुस्तकं बंदच, बाकीची 'शुद्ध करून' चालतील. शुद्ध करणं म्हणजे काय, तर ठरवून दिलेल्या ओळी खोडायच्या. पुढे स्पेनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, जाडजूड याद्या काढल्या, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर काय खोडायचं त्याच्या. 1640 ची यादी मुख्य इन्क्विझिटर सोतोमायोरची. तुमच्या मुखपृष्ठावरची ओळ हीच: '1640 च्या यादीबरहुकूम'. म्हणजे ग्रंथ बाझलला जन्मला, स्पेनला नांदला, तिथल्या मठात किंवा कॉलेजात त्याच्यावर शाई पडली, आणि परत माहेरी आलाय.

जेरोमला जाळता येत नव्हतं, तो संत. इरॅस्मसला ठेवता येत नव्हतं. दोघं एकाच कागदावर. मग शाई.

एक मनातलं सांगतो. बरोबर शंभर वर्षांनी, 1616 मध्ये, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं. मराठी ओव्या, रोमन लिपी. मग 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. पुराण हाती आलं ते हस्तलिखितांमुळे. ज्याच्यावर शाई ओतली तो ग्रंथ तुमच्या टेबलावर आहे. आमचा ज्याच्यावर कुणी थेंबही टाकला नाही, तो गेला.

---

पोथीपुराण

मास्तरांच्या पुढे काय बोलणार, मी फक्त कागदाचं बोलते. पुण्यात हस्तलिखितं जतन करण्यात सव्वीस वर्षं गेली, गुडघे आणि डोळे दोन्ही त्यातच.

सांगलीकर, आधी विद्रावकांच्या बाटल्यांना बुचं लाव. ही शाई काढायची नाही, काढता येतही नाही, आणि काढलीस तर तुझा ग्रंथ लाखातला एक होता तो शंभरातला एक होईल.

शाई तपकिरी, कडेला पिवळट वलय, कागद खाल्लेला: ही लोहशाई. ओकच्या झाडावरच्या गाठींमधलं टॅनिन, हिराकस (लोहाचा क्षार) आणि बाभळीचा डिंक. लिहिताना फिकट, हवेत काळी होते, पुढे तपकिरी. जास्तीचं लोह आणि आम्ल कागदात बसून राहतं आणि शतकभर सावकाश जेवत राहतं. सेन्सॉरने जाळी मारताना शाईचे थर चढवले, म्हणून त्या जागी जास्त. छपाईची शाई वेगळी, ती काजळी आणि जवसाचं तेल. ती कागदाला काही करत नाही. आपल्या पोथ्यांची शाईसुद्धा काजळ-डिंकाची, म्हणून तीनशे वर्षांच्या पोथीला कसर खाते, वाळवी खाते, पण शाई खात नाही. आपल्याकडे चुकलेल्या ओळीवर हरताळ लावायचे, पिवळा, आणि त्यावर पुन्हा लिहायचे. हरताळ फासणे म्हणतात ते हेच. तुझ्या पाद्रीबाबांना वर पुन्हा लिहायचं नव्हतं.

पाणी अजिबात नको. ओल लागली की विरघळणारं लोह शेजारच्या कोऱ्या कागदात पसरतं आणि तिथेही खायला लागतं. पांडवप्रतापात लगदा तरी तिथल्या तिथे झाला.

तू रसायनवाला आहेस म्हणून दोन गमती सांगते. एक, बाथोफेनँथ्रोलिनच्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी शुद्ध पाण्यात भिजवून, टिपकागदाने जवळजवळ कोरडी करून, शाईवर अर्धा मिनिट दाबायची. गुलाबी झाली तर मोकळं लोह आहे, म्हणजे जेवण चालू आहे. बांधणीलगतच्या आडोशाच्या जागी एकदाच कर, नाद लावून घेऊ नकोस. दुसरी, अवरक्त प्रकाशात लोहशाई फिकट पडत जाते आणि काजळीची छपाई काळीच राहते. जाळीखालची अक्षरं वर येतात. तुमच्याकडे असा कॅमेरा असेलच कुणाकडे तरी.

पैसे देण्याआधी एवढं बघ. याच फ्रोबेनने 1524 ते 1526 मध्ये दुसरी आवृत्ती काढली, त्यामुळे साल मालकाच्या तोंडून घेऊ नकोस, ग्रंथात बघ. मग पानं. या काळात पानाच्या फक्त पुढच्या बाजूला आकडा असतो, आणि खाली कोपऱ्यात जुडगीचं, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याचं, अक्षर. ती अक्षरं ओळीने लाव, एखादी जुडगी गायब तर नाही ना. ई-रारा या संकेतस्थळावर स्वित्झर्लंडच्या ग्रंथालयांनी जुन्या छपाईची पानं फुकट ठेवलीत, तिथल्या प्रतीशी पान न् पान ताड. आणि पान उजेडासमोर धर. हातकागदाला साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात, मधूनच जलचिन्ह. चिंध्यांचा कागद आहे तो, म्हणून खडखड वाजतो. 1970 वाला लाकडाच्या लगद्याचा आणि त्यात आम्ल, म्हणून पापड.

चर्मपत्राचं मऊ वेष्टण आणि बंद हे स्पेन-इटलीकडचं नेहमीचं. मास्तरांच्या गोष्टीला जुळतंय.

---

अडगळीतला_माणूस

मास्तर, ताई, कान पकडले.

पण हे तर एकनाथांनी केलं तेच की. ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या, नाथांनी शके 1506 मध्ये प्रत शुद्ध केली आणि वर दम दिला की यापुढे जो आपली ओवी घालेल तो अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवेल. शके 1506 म्हणजे 1584. इरॅस्मस अडुसष्ट वर्षं आधी.

---

पापडीचा_मास्तर

वा अडगळराव, याला म्हणतात भर. फरक एवढाच की नाथांनी नरोटी ताटातून काढून फेकली. इरॅस्मसने सगळ्या नरोट्या गोळा करून वेगळ्या ताटात मांडल्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. सांगलीकरांच्या हातात ते ताट आहे. आणि शाई नरोट्यांवर नाही पडली, चिठ्ठ्यांवर पडली!

---

सांगलीकर_राइनकाठी

दोन आठवड्यांनी लिहितोय, माफी. घेतला. बायकोला मास्तरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'परत माहेरी आलाय' इथे ती गप्प झाली. मी लगेच कार्ड काढलं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुकानातच बसून जुडग्या लावल्या. दोन तास. मालकाने कॉफी दिली, ती मी दोन टेबलं लांब ठेवून प्यायलो. शेवटचं कोरं पान नाही, बाकी सगळं जागेवर. साल 1516 च.

मास्तर, पैज जिंकलात. ई-रारावरच्या स्वच्छ पानाशी जोडून पाहिलं. मुखपृष्ठावरच्या ज्या ओळीवर सगळ्यात जाड थर आहे, तिथे फक्त इरॅस्मसचं नाव आहे. आत लेखांआधीचे शेरे. म्हणजे जे दडवायला एवढी शाई घातली ते आज कुणीही चहा पिता पिता फोनवर वाचेल.

पण मला जास्त मजा वाटली ती त्या खोडणाऱ्या माणसाची. पहिल्या शेऱ्यावर त्याने पट्टी धरून मारल्यासारखी जाळी काढलीय, चौकोन अगदी सारखे. पाचव्या-सहाव्यापर्यंत रेघा तिरक्या होतात. नवव्याला नुसत्या आडव्या. आणि शेवटच्या तीन पानांवर एकच तिरपी रेघ, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, परीक्षेत मास्तर कोरं पान खोडतात तशी. खालचा शब्द न् शब्द वाचता येतो. कंटाळला, शाई संपली, का वाचत बसला? एका खोडलेल्या शेऱ्याच्या कडेला समासात बारीक बोट काढलंय, 'इकडे लक्ष द्या' म्हणून काढतात तसं. त्याच तपकिरी शाईत. मास्तर, ते त्याचंच असेल का?

अवरक्त कॅमेरा शेजारच्या गटात निघाला, मागच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लावला. पडद्यावर जाळी धुक्यासारखी विरली आणि खाली इरॅस्मस, अक्षर न् अक्षर, काळाकुळकुळीत. दोन इटालियन, एक तमिळ आणि आमची जर्मन बॉस, सगळे डबे हातात धरून उभे. बॉस म्हणाली, हा तर इथला शेजारी. मग तिनेच सांगितलं की फ्रोबेनचा छापखाना टोटनगेसलाइनमधल्या ज्या घरात होता, तिथे आता औषधशास्त्राचं संग्रहालय आहे. सासू-सासरे आले तेव्हा मी दोनदा तिथे जाऊन खल-बत्ते आणि मगरीचं कातडं बघून आलोय!

पट्टी गुलाबी झाली. फिकी, पण गुलाबी. ताई, आता काय करू?

---

पोथीपुराण

घाबरू नकोस, चारशे वर्षं जेवतेय, एका उन्हाळ्यात ताट संपवणार नाही. मोकळं लोह बांधून टाकणारे कॅल्शियम फायटेटचे उपचार असतात पण ते पाण्यातले, पानं सुटी करून करायचे. घरी नाही, आणि या ग्रंथाला आत्ता गरजही नाही. चौदा पानांमध्ये आम्ल नसलेला पातळ टिश्यू घाल. ग्रंथ आडवा ठेव, उभा नको, मऊ वेष्टणाला स्वतःचं वजन पेलत नाही. खोलीतली दमटता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि हीटरपासून लांब. खिडकी पडलेलं पान उलटताना खालून पुठ्ठा सरकवून दोघांना मिळून उलट, तिचे काठ ठिसूळ असतील.

पडलेला तुकडा आत कुठे सापडला का? शिवणीत अडकतो बऱ्याचदा.

---

पापडीचा_मास्तर

बोटाचं सांगता येत नाही. शाई एक दिसते म्हणून हात एकच असं नाही, सगळा स्पेन त्याच शाईने लिहीत होता. पण ते बोट जाळीच्या वरून काढलंय का खालून? रेघ बोटाला कुठे ओलांडत असेल तर तिथला फोटो टाका. बोट आधीचं असेल तर आधीच्या कुणा वाचकाचं. नंतरचं असेल तर मला त्या पाद्रीबाबाला भेटायचंय.

---

सांगलीकर_राइनकाठी

ताई, तुकडा सापडला. शिवणीतच होता, तांदळाच्या कण्याएवढा. काचेच्या बशीत झाकून ठेवलाय.

मास्तर, भिंगाखाली बघितलं. शेवटची तिरपी रेघ बोटाच्या दिशेने येते, आणि बोटापाशी आल्यावर थोडी वाकून बाजूने जाते. फोटो टाकतोय.